राग खरा, पण पडतो कुणावर?

सामान्य माणसाचा संयम सुटतो आणि तो हाताला लागेल ते घेऊन रस्त्यावर उतरतो, असा चित्रपट आला की त्यावरचा वाद कसा होणार हे आधीच सांगता येतं. एक बाजू म्हणते, हे हिंसेचं उदात्तीकरण आहे, उद्या हे पाहून कुणीतरी खरंच बॅट उचलेल. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही एसी गाडीतून फिरणारी माणसं, लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून तासभर प्रवास करणाऱ्याचं तुम्हाला काय कळणार? त्याच्या मनातलं पडद्यावर कुणी दाखवलं तर तुमच्या पोटात का दुखतं? ‘डोंबिवली फास्ट’बद्दल हे ऐकलं, ‘अ वेन्सडे’बद्दल ऐकलं आणि २०१९ मध्ये ‘जोकर’ आला तेव्हा तर जगभर ऐकू आलं. दोन्हीकडची मंडळी हिरिरीने भांडतात. पण हा राग शेवटी जाऊन पडतो कुणावर, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. असा चित्रपट हिंसा दाखवतो म्हणून वाईट ठरत नाही आणि सामान्य माणसाची कड घेतो म्हणून चांगलाही ठरत नाही. तो माणूस कशामुळे तुटला याचा माग चित्रपट कुठपर्यंत काढतो, त्यावर त्याची किंमत ठरते. आपल्याकडचे आणि बाहेरचेही बरेच चित्रपट हा माग अर्ध्यावर सोडून देतात. नायकाचा राग निघतो व्यवस्थेवर आणि उतरतो वाटेत भेटलेल्या पहिल्या दुबळ्या, परक्या किंवा सहज सापडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर. वड्याचं तेल वांग्यावर काढलं जातं आणि थिएटरात टाळ्या पडतात.

हिंसेच्या भीतीबद्दल फार बोलायची गरज नाही. अमेरिकेत २०१२ साली ऑरोरा इथल्या थिएटरात गोळीबार होऊन १२ माणसं मेली होती. ‘जोकर’ प्रदर्शित होताना त्यांच्यातल्या काहींच्या कुटुंबीयांनी निर्मात्या कंपनीला पत्र लिहिलं, अनेक ठिकाणी थिएटरबाहेर पोलीस उभे राहिले. त्या माणसांची भीती खोटी म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण जे घडेल असं सांगितलं जात होतं ते घडलं नाही. कोट्यवधी लोकांनी चित्रपट पाहिला आणि ते घरी गेले. प्रेक्षक म्हणजे आगपेटीतली काडी, असं मानणारी टीका प्रेक्षकाचा अपमान करते. तिच्या जोरावर कुठला चित्रपट अडवावा असं मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा मात्र वजनदार आहे. मुंबईच्या लोकलने रोज ७० लाखांहून जास्त माणसं प्रवास करतात. करोनाचा काळ सोडला तर या मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात: रूळ ओलांडताना, दारातून पडून. एवढे मृत्यू दरवर्षी होतात आणि बातमी येते आतल्या पानावर चार ओळींची. अशा शहरात ‘डोंबिवली फास्ट’मधला माधव आपटे नावाचा बँकेतला कर्मचारी पडद्यावर येतो. तोच गजर, तोच डबा, तीच धावपळ, तीच गाडी, पुन्हा तोच गजर. निशिकांत कामत यांनी ही पुनरावृत्ती अशी कापून जोडली की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कामत यांनी स्वतःच २००७ मध्ये तो माधवनला घेऊन तमिळमध्ये पुन्हा केला. ज्यांच्या रागाची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही, त्यांच्यासाठी हा चित्रपट म्हणजे ती नोंद होती. त्याला ‘मध्यमवर्गाची किरकिर’ म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

म्हणूनच पुढचा प्रश्न विचारायला हवा. माधवची बॅट पहिल्यांदा फिरते ती छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदारावर. दुकानदार चुकीचा आहे, यात वाद नाही. पण माधवच्या आयुष्यातले दिवसाचे तीन तास त्या दुकानदाराने खाल्लेत का? माधव डोंबिवलीत राहतो आणि कामाला मुंबईत जातो, हे कुणी ठरवलं? याचं उत्तर आकाशातून पडलेलं नव्हतं, सरकारी फायलींत होतं. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची वेळ आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची होईल, गिरणीच्या बांधकामाखालची जमीन त्यात धरायची नाही, असं ठरलं आणि घरांचा न् मैदानांचा वाटा आक्रसून गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याविरुद्ध निकाल दिला आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे ज्या वर्षी, २००५ मध्ये, माधव आपटे पडद्यावर बॅट घेऊन फिरत होता, त्याच वर्षी त्याच्यासारख्यांना शहरात घर मिळण्याची एक मोठी शक्यता कोर्टात शेवटच्या घटका मोजत होती. चित्रपटात याचा मागमूस नाही. दोन रुपये जास्त घेणारा दिसतो, एकरांनी घेणारे दिसत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, चित्रपट म्हणजे नगररचनेचा अहवाल नव्हे. बरोबर आहे. पण राग चुकीच्या दारात गेला की पडद्याबाहेर काय होतं तेही पाहू. त्याच गिरण्यांच्या जागी परळ-लोअर परळला काचेचे मनोरे उभे राहिले, त्यांत हजारो नोकऱ्या आल्या आणि स्टेशनांवरचे पूल मात्र गिरणी कामगारांच्या जमान्यातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं मेली. नव्या रुंद पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती, उभा मात्र काहीच राहिला नव्हता. शहर संतापलं आणि संतापायलाच हवं होतं. पण तो संताप उतरला कुठे? त्याच ऑक्टोबरात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने स्टेशनांबाहेरचे फेरीवाले हटवण्यासाठी १५ दिवसांची मुदत दिली आणि मुदत संपल्यावर ठाणे, कल्याण, डोंबिवली या स्टेशनांबाहेर कार्यकर्त्यांनी फेरीवाल्यांच्या गाड्या आणि पाट्या उलथवल्या. फेरीवाल्यांमुळे वाट अडते हे खरं आहे, मीही रोज ते अनुभवतो. पण पुलाची फाइल फेरीवाल्याने दाबून ठेवली होती का? शहराच्या मध्यावर कार्यालयांची परवानगी देताना तिथे रोज उतरणारी माणसं कशी चालतील याचा हिशेब त्याने चुकवला होता का? कांदेबटाटे रस्त्यावर सांडले, मोबाइलवर चित्रणं झाली, आणि अनेकांना वाटलं की काहीतरी झालं. ‘सामान्य माणूस पेटून उठला’ ही गोष्ट आपण पडद्यावर जशी पाहायला शिकलो होतो, तशीच ती स्टेशनाबाहेर घडली. चित्रपटाने ती घडवली असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की त्या दोन्हींना एकच खोड आहे.

ही खोड सर्वांत धोकादायक रूपात दिसते ती ‘अ वेन्सडे’मध्ये. २००८ चा हा चित्रपट ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांची जखम ओली असताना आला. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला बिननावाचा माणूस पोलिसांना वेठीला धरतो, चार दहशतवाद्यांची सुटका मागतो, आणि मग कळतं की त्याला त्यांना सोडवायचं नाही, मारायचं आहे. घरात शिरलेल्या झुरळांची उपमा देऊन तो आपलं म्हणणं मांडतो. अभिनय असा की विरोधात जाणं कठीण. त्या सात स्फोटांत १८० हून अधिक माणसं मेली होती. कुणाचा शेजारी, कुणाचा रोजचा सहप्रवासी. तो संताप मला पूर्ण कळतो. पटकथेने मात्र एक सोय करून ठेवली आहे: ते चौघे दोषीच आहेत, शंकेला जागाच नाही. खऱ्या खटल्यात काय झालं? २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १३ पैकी १२ जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्या १२ जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यातला एक तोवर तुरुंगातच मेला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्याला स्थगिती मिळाली, सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठवलं गेलं नाही. आता विचार करा, चित्रपटातल्या त्या माणसाच्या हाती २००८ साली हेच आरोपी लागले असते तर? आपण उठून टाळ्या वाजवल्या असत्या. आणि एवढी माणसं मारणारे खरे कोण, हा प्रश्न विचारायची गरज आपल्याला उरली नसती. मृतांच्या नातेवाइकांची १९ वर्षांनंतरची फसवणूक भयंकर आहे, पण ती तपासाने केली आहे. तपासाला जाब विचारणारा सामान्य माणूस आपल्या पडद्यावर सहसा येत नाही.

इथे माझ्यावर सर्वांत चांगला आक्षेप असा घेता येईल की तुटलेला माणूस योग्य दार शोधत बसत नाही. तो जवळ असेल त्यालाच मारतो, आणि चित्रपटाने तसंच दाखवणं हाच प्रामाणिकपणा. मला हे मान्य आहे. पात्राला दिशा कळायची गरज नाही. कॅमेऱ्याला कळायला हवी. या दोहोंतला फरक पाहायचा असेल तर १९९३ चा ‘फॉलिंग डाऊन’ पुन्हा पाहावा. मायकल डग्लसचं पात्र संरक्षण उद्योगातून काढून टाकलेला इंजिनिअर आहे. शीतयुद्ध संपलं, कारखान्यांना त्याची गरज संपली. महिना उलटला तरी तो रोज सकाळी पांढरा शर्ट, टाय घालून, ब्रीफकेस घेऊन घराबाहेर पडतो. ब्रीफकेसमध्ये फक्त जेवण आहे. वाहतूक कोंडीत तो गाडी सोडून चालायला लागतो आणि पहिला हल्ला करतो कोरियन दुकानदारावर, थंड पेयाच्या किमतीवरून. कोरियन-अमेरिकन लोकांनी याविरुद्ध आवाज उठवला तो योग्यच होता. लॉस एंजेलिसमध्ये त्याचं चित्रीकरण चालू असतानाच, एप्रिल १९९२ च्या अखेरीस, एका कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणारे पोलीस सुटले आणि शहर पेटलं. लोकांचा राग न्यायालयाच्या निकालावर होता. जळाली, फुटली ती कोरियन माणसांची दोन हजारांहून अधिक दुकानं.

पण याच चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे, ज्यासाठी मी त्याला बरंच काही माफ करतो. कर्ज नाकारलेला एक कृष्णवर्णीय माणूस वित्तसंस्थेच्या दाराशी फलक घेऊन एकटाच उभा आहे. ‘आर्थिकदृष्ट्या उपयोगाचा नाही’ असं त्याला सांगण्यात आलंय. अंगात अगदी तसाच पांढरा शर्ट, तसाच टाय. पोलीस त्याला गाडीत घालून नेतात, आणि जाताना तो काचेतून नायकाला म्हणतो, मला विसरू नकोस. नायक मान हलवतो. दोघांना एकाच हिशेबाने बाद केलं आहे हे कॅमेऱ्याला त्या क्षणी कळलेलं असतं. नायकाला पुरतं कळत नाही, तो पुढे जाऊन पुन्हा चुकीच्याच दारांवर धडकतो, आणि शेवटी पोलिसासमोर त्याला धक्का बसतो की या गोष्टीतला वाईट माणूस आपणच आहोत. ‘जोकर’मध्येही असा एक क्षण आहे. शहराने निधी कापलाय, नायक आर्थरचं समुपदेशन आणि औषधं बंद होणार आहेत, आणि टेबलापलीकडची समुपदेशक त्याला सांगते की वरच्यांना तुझी पर्वा नाही आणि माझ्यासारखीचीही नाही. पूर्ण चित्रपटात मला सर्वांत धग तिथे जाणवली. पुढची बंदूक त्यामानाने सोपी आहे.

आणखी एक गोष्ट अस्वस्थ करते. तुटायचा हक्क कुणाला आहे? पगारदार, शिकलेला, बहुतेक वेळा सवर्ण पुरुष बॅट उचलतो तेव्हा तो ‘सामान्य माणूस’ होतो, सगळ्यांचा प्रतिनिधी. २०१३ च्या ‘फँड्री’तला जब्या दगड उचलतो तेव्हा तो ‘जातीवरचा चित्रपट’ होतो. का? जब्याला जे सोसावं लागतं ते रोजचंच आहे, एका दिवसाचं नाही. डुकरं पकडायला लावलेलं कुटुंब, कुंपणाबाहेरून टवाळी करणारी पोरं, आणि पकडलेलं डुक्कर काठीला टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले फुले, आंबेडकर. नागराज मंजुळे यांनी शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने फेकायला लावला. तो दगड दुकानदारावर पडत नाही, फेरीवाल्यावर पडत नाही. पाहणाऱ्यावर येतो. मराठी चित्रपटात रागाने इतक्या अचूकपणे घर शोधल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. आणि नेमका तोच राग आपल्याला ‘आपल्या सगळ्यांचा’ वाटत नाही, यावरून आपण सामान्य माणूस म्हणतो तेव्हा कुणाला वगळतो ते दिसतं.

राग आंधळाच असतो, गर्दीला विवेक नसतो, हेही मला पटत नाही, कारण आपलाच इतिहास वेगळं सांगतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांवर उठले, आणि दंगा पुणे-नगर भागातल्या गावागावांत पसरला. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि खतपत्रं. ती मिळाली की जाळली जात. बहुतेक ठिकाणी कागद देणाऱ्या सावकाराच्या अंगाला हात लावला गेला नाही. उपाशी, कर्जाने पिचलेल्या, अक्षर न वाचता येणाऱ्या माणसांना नेमकं कळलं होतं की आपला फास कशात आहे. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. अर्थात सावकारसुद्धा साखळीतली शेवटची कडी नव्हता. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते आणि त्याच सुमाराला इंग्रज सरकारने शेतसारा वाढवला होता. सावकाराच्या मागे कलेक्टर उभा होता. तिथपर्यंतचा माग पुढे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये काढला. दंग्याने अर्धी वाट चालली, लेखकाने उरलेली. आज चित्रपटाकडून मी हीच अपेक्षा करतो, आणि ती अवाजवी आहे असं मला वाटत नाही.

असे चित्रपट रटाळ होतात, पाहायला कुणी जात नाही, असं निर्माते सांगतात. तिकीटबारीचं गणित त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण केन लोच यांचा २०१६ चा ‘आय, डॅनियल ब्लेक’ आठवा. न्यूकॅसलचा सुतार, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. डॉक्टर म्हणतात काम करू नकोस, सरकारी मूल्यमापन म्हणतं तू कामाला लायक आहेस. फोनवर तासन्‌तास संगीत, संगणकावर न भरता येणारे अर्ज. शेवटी तो तुटतो आणि काय करतो? रोजगार कार्यालयाच्या भिंतीवर रंगाच्या डब्याने स्वतःचं नाव लिहितो आणि आपल्या अपिलाची तारीख मागतो. कुणाला ओरखडाही येत नाही, तरी रस्त्यावरचे लोक त्याच्यासाठी जल्लोष करतात आणि आपल्याही घशात आवंढा येतो. चित्रपटाला कानमध्ये सर्वोच्च सन्मान मिळाला आणि त्याचा उल्लेख ब्रिटिश संसदेत विरोधी पक्षनेत्याने पंतप्रधानांसमोर केला. राग नेमक्या भिंतीवर लिहिला गेला की तो रटाळ होत नाही.

आता काम आणखी अवघड झालं आहे. नंदिता दास यांच्या ‘झ्विगॅटो’मधला नायक कारखान्यातली नोकरी गेल्यावर भुवनेश्वरच्या रस्त्यांवर दुचाकीवरून जेवण पोचवतो. त्याचा मालक म्हणजे मोबाइलमधलं ॲप. रेटिंग घसरलं की कमाई घसरते, आणि दाद मागायला समोर माणूसच नाही. अशा नायकाचा संयम सुटला तर समोर कोण असेल? सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, जो त्याला लिफ्ट वापरू देत नाही आणि स्वतः बारा तासांची ड्युटी करतो. किंवा हॉटेलच्या काउंटरवरचा पोऱ्या. पुढचा ‘डोंबिवली फास्ट’ करू पाहणाऱ्या दिग्दर्शकाला हे प्रसंग आयते मिळतील, त्यावर टाळ्याही मिळतील. या कामाचे दर कोण ठरवतं, कुठल्या कार्यालयात, कुठल्या करारावर सही करून, आणि कामगार कायद्यातून ही माणसं कुणी बाहेर ठेवली, हे पडद्यावर कसं आणायचं ते त्याला शोधावं लागेल. तेवढं करणारा पटकथाकार मराठीत आज आहे, याची मला खात्री आहे. त्याला तसं लिहू देणारा निर्माता पुढे यायला हवा.